आमच्या माघारी कोण?

२००९ साली चंदिगड प्रशासन गर्भपाताची परवानगी मागायला उच्च न्यायालयात गेले. सरकारी आश्रयगृहातल्या एका अनाथ, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीवर तिथेच बलात्कार झाला होता. तिला मात्र मूल हवे होते. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला. २८ ऑगस्टच्या निकालात त्याने बजावले, की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. बाळ वाढवायला तिला आधार लागेल, हेही न्यायालयाने मान्य केले आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टने ती जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली. मदत लागते म्हणून निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, ही जुनी समजूत या निकालाने मोडीत काढली.

हाच विचार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. अमुक ठिकाणीच राहा, अशी सक्ती दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. उलट घरपोच, निवासी आणि इतर सामुदायिक सेवा तिला मिळाल्या पाहिजेत, वैयक्तिक मदतनीससुद्धा. म्हणजे सकाळी अंथरुणातून व्हीलचेअरवर बसवायला येणारा माणूस, सांकेतिक भाषेचा दुभाषी, बँकेच्या कामात सोबत, भाड्याची खोली शोधून देणारा कार्यकर्ता. अनेकांना चोवीस तासांची आया नको असते. हव्या त्या वेळी दोन हात हवे असतात.

अशा स्वतंत्र जगण्यासाठी चंदिगड बरे शहर आहे, निदान कागदावर. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात बाजार, शाळा, दवाखाना सेक्टरमध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर. पण ज्या 'मोड्युलर' पुरुषावरून त्याने आपली मापे बेतली, तो १.८३ मीटर उंच, धडधाकट, हात वर करून उभा!

शेजारच्या मोहालीत मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७८पासून पुनर्वसन केंद्र आहे; आपल्या खडकीचे केंद्र त्याच्याही आधीचे, १९७४चे. नागरिकांसाठी चंदिगडमध्ये सेक्टर २८ला निकी कौर यांनी 'चंदिगड स्पायनल रिहॅब' सुरू केले. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात. हा तपशील किरकोळ नाही. कोल्हापुरात १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करणाऱ्या नसीमा हुरजूकही व्हीलचेअरवरूनच काम करत आल्या. ज्याला उंबरठा अडतो, तोच उंबरठ्याची उंची सांगू शकतो.

प्रश्न सर्वांत बिकट होतो तो मानसिक आजारात आणि बौद्धिक अपंगत्वात. म्हातारे आईवडील विचारतात, आमच्या माघारी याचं कोण बघणार? चंदिगडच्या पालकांनी हाच प्रश्न कोर्टापर्यंत नेला आणि सेक्टर ३१मध्ये ग्रुप होम, म्हणजे अशा व्यक्तींनी मदतीसह एकत्र राहायचे घर, उभे राहिले. पण ग्रुप होमचे मोठ्या आश्रमात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, म्हणून त्याचा आकार महत्त्वाचा.

रत्नागिरीत 'द बन्यन' या चेन्नईच्या संस्थेने दुसरी वाट धरली. तिच्या 'होम अगेन' उपक्रमात वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणी वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात. सोबतीला प्रशिक्षित मदतनीस असते. आज काय शिजवायचे, बाजारात कोणी जायचे, हे त्या ठरवतात. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तो पाळायचा तर अशी घरे हवीत, त्यांचे भाडे आणि मदतनीसांचे पगार दरमहा भरणारे कुणीतरी हवे. सध्या तो भार मुख्यतः कुटुंबे आणि देणगीदार उचलतात.