वणी परिसरातील काळ्या जमिनीत बोगनवेलीची लागवड

प्रस्तावना : बोगनवेल ही मूळची दक्षिण अमेरिकेतील काटेरी, सदाहरित वेल होय. तिचा रंगीत भाग म्हणजे फूल नसून कागदासारखी पातळ छदे होत. खरे फूल म्हणजे त्यांच्यामधील लहान, पांढरट नळी.

लागवड : वणीचा कडक उन्हाळा ही वेल सहज सोसते, तिला खरा धोका पाण्याचा असतो. कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व पाणी धरून ठेवते. मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात. केवळ खड्ड्यात वाळू भरल्यास भोवतालचे पाणी तेथेच साचते. म्हणून माती, मुरूम व कुजलेले शेणखत यांचा वीतभर उंच ओटा करून त्यावर वेल लावावी. कुंडीच्या तळाला छिद्रे असावीत. रोज किमान 6 तास ऊन मिळावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने वाढतात, बहर घटतो. नव्या फुटव्यांवर बहर येत असल्याने बहर ओसरताच छाटणी करावी.

निष्कर्ष : उन्हाळी पाणीटंचाईच्या काळात अंगणाला रंग व सावली देणारी ही वेल अल्प पाण्यातच फुलते. निचरा साधला की लागवड साधली.