पक्ष्यांतील लैंगिक निवड : मादीची पसंती आणि नराचे रूप

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतासमोर मोराचा पिसारा हा अवघड प्रश्न होता. हालचालीस अडथळा ठरणारे आणि शत्रूच्या नजरेत भरणारे हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? १८७१ मधील ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात त्यांनी याचे उत्तर दिले. जगण्याच्या स्पर्धेबरोबर जोडीदार मिळविण्याचीही स्पर्धा असते. मादी ज्या नरांना पसंत करते त्यांची वैशिष्ट्ये पुढील पिढीत अधिक प्रमाणात उतरतात. पक्ष्याच्या मादीला अशी सौंदर्यदृष्टी असते, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना मान्य नव्हते. त्यानंतर हा वाद दीर्घकाळ बहुतांशी तर्काच्याच पातळीवर राहिला.

प्रत्यक्ष प्रयोग स्वीडनचे माल्टे अँडरसन यांनी केनियातील गवताळ प्रदेशात केला व १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. लाँग-टेल्ड विडोबर्ड हा आपल्याकडील सुगरणीच्या कुळातील पक्षी. मादी तपकिरी व आखूड शेपटीची. विणीच्या हंगामात नर मात्र काळाभोर आणि त्याची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब. अँडरसन यांनी ३६ नरांचे नऊ-नऊचे चार गट केले. एका गटाच्या शेपट्या कापून सुमारे १४ सें.मी. ठेवल्या. कापलेली पिसे दुसऱ्या गटास चिकटवून त्यांच्या शेपट्या सुमारे २५ सें.मी.ने वाढविल्या. तिसऱ्या गटात शेपटी कापून पुन्हा जोडली आणि चौथ्यास हात लावला नाही. परिणाम कापण्या-चिकटविण्याचाच तर नाही ना, ही शंका तिसऱ्या गटामुळे फिटते. प्रयोगाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. नंतर प्रत्येक नराच्या क्षेत्रातील नवी घरटी मोजण्यात आली. वाढीव शेपटीच्या नरांकडे ती सर्वांत अधिक होती. आखूड शेपटीच्या नरांनी आपले क्षेत्र मात्र गमावले नव्हते. शेपटीचे महत्त्व नरांच्या भांडणात नसून मादीच्या निवडीत आहे, हे यावरून दिसते. शिवाय मादीची पसंती निसर्गात आढळणाऱ्या लांबीच्याही पुढे जाते. तेव्हा शेपटीच्या वाढीस लगाम बसतो तो अन्य कारणांनी.

पण अशी पसंती मुळात रुजते कशी? रोनाल्ड फिशर यांच्या १९३० च्या मांडणीनुसार लांब शेपटी पसंत करणाऱ्या मादीच्या पुत्रांत शेपटी आणि कन्यांत ती पसंती उतरते. दोन्ही गुण आनुवंशिकतेने जोडले गेल्यामुळे एकमेकांना पुढे ढकलतात, आणि जगण्याची किंमत फार वाढली की ही वाढ थांबते. अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये वेगळा विचार मांडला : अवजड शेपटी घेऊन जगू शकणारा नर सशक्तच असणार, म्हणून ती गुणवत्तेची खात्रीची खूण ठरते. या दोन उपपत्ती परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही.

वर्गात नेहमी दिले जाणारे मोराचे उदाहरण मात्र जपूनच द्यावे लागते. मॅरियन पेट्री व सहकाऱ्यांना इंग्लंडमधील अभ्यासात (१९९१) पिसाऱ्यावरील डोळ्यांची संख्या आणि नराचे मीलन यांत संबंध आढळला. जपानमधील सात वर्षांच्या निरीक्षणात (२००८) मारिको ताकाहाशी व सहकाऱ्यांना तो आढळला नाही. दोन्ही अभ्यास मोराच्या मूळ भूमीबाहेर झालेले आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

सुगरणीचे उदाहरण याहून निराळे. नर अर्धवट विणलेल्या घरट्याशी मादीला बोलावतो आणि ती घरटे पाहूनच निर्णय घेते. तेथे निवडीचा भर नराच्या अंगावरील पिसांपेक्षा त्याने बांधलेल्या वस्तूवर, आणि विशेषतः ती टांगलेल्या जागेवर पडतो.