झाकणाचा आधार

माझ्या आजीच्या माजघरांत एक मोठा लाकडी पेटारा असे. त्याचें झाकण उघडलें कीं ती आंत वेळूची एक काठी उभी करी, आणि मगच पेटाऱ्यांत हात घाली. काठी सर्वांना दिसे. ती सरकली तर तेंहि दिसे. हल्लींच्या पेट्यांच्या झाकणाचा आधार मात्र एका बंद नळींत दडलेला असतो. तो दुबळा झाला तरी डोळ्यांना पूर्वींसारखाच दिसतो. आज मला बोलावयाचें आहे तें अशा दुबळ्या आधाराविषयीं. आणि तें मीं ग्रंथांतून नव्हे, तर घरांतल्या एका अपघातांतून व स्वतःच्या चुकींतून शिकलों, हें आरंभींच सांगून टाकतों.

गेल्या पौषांत माझा पुतण्या नाशिकहून मोटारसायकलीनें आमच्याकडे एरंडोलास आला. आमचें गांव अंजनी नदीच्या कांठीं, धुळें-जळगांव हमरस्त्यावर आहे. पद्मालयाच्या गणपतीला जाणारे पुष्कळ प्रवासी येथूनच आंत वळतात. पुतण्याच्या गाडीला मागें सामानाची मोठी पेटी, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतली डिकी, बसविलेली होती. अशा पेट्या दूरच्या प्रवासाच्या गाड्यांबरोबर रूढ झाल्या. होंडा कंपनीची गोल्ड विंग ही मोठी मोटारसायकल १९७५ सालीं बाजारांत आली, आणि १९८० सालीं तिच्या ‘इंटरस्टेट’ या प्रकारावर कारखान्यांतूनच मागची पेटी बसवून मिळूं लागली. आतां आपल्याकडचे लडाखला किंवा नर्मदेकांठीं गाडीनें जाणारे तरुणहि पेट्या बसवून घेतात. झाकणाला पाठ टेकण्याची गादी आणि दिवा जोडला म्हणजे तें चांगलेंच जड होतें, आणि तें तोलून धरण्यासाठीं दोन बाजूंना दोन नळीचे आधार लावतात. दुकानांत त्यांना ‘डिकीचा शॉकअप’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या थंडींत माझी नात त्या पेटींतून खाऊचा डबा काढूं लागली. उघडें झाकण क्षणभर थांबलें आणि एकाएकीं खालीं आलें. तिचीं दोन बोटें सांपडलीं, नखें काळीं पडलीं. हाड वांचलें, हें आमचें नशीब.

आतां माझी चूक. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाहीं. आधार आंत अडकला असावा, असें समजून मीं त्याची चकचकीत दांडी पकडीनें धरून फिरविली. दोन दिवसांत दांडीवर तेलाचा ओघळ आला आणि उरलासुरला जोरहि गेला. तेव्हां हमरस्त्यावरच्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें दांडीवरून नख फिरवून पाहिलें आणि अहिराणींत एवढेंच म्हणाला, “दांडीले पकड लावानी नही, गुरुजी.” तेथें बसलेल्या एकानें सुचविलें कीं, नळीला भोंक पाडून पुन्हां हवा भरावी; दुसरा म्हणाला, टोंकाला वेल्डिंग करावें. मिस्त्रीनें दोघांनाहि हातानेंच थांबविलें. त्यानें तसें कां केलें, हें समजण्यासाठीं नळीच्या पोटांत काय असतें तें पाहूं.

त्या नळींत नायट्रोजन वायु मोठ्या दाबानें कोंडलेला असतो, आणि सोबत थोडें तेल असतें. दांडीच्या आंतल्या टोंकाला एक दट्ट्या असतो व दट्ट्याला बारीक छिद्र असतें. छिद्रामुळें वायु दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जातो आणि दोहोंकडे दाब सारखाच राहतो. मग दांडी बाहेर कां ढकलली जाते? कारण एका बाजूला दांडीनें दट्ट्याची थोडी जागा अडविलेली असते. तेवढ्या जागेवर वायूला रेटतां येत नाहीं. म्हणून आधाराचा जोर म्हणजे आंतला दाब गुणिले दांडीच्या छेदाचें क्षेत्रफळ. दांडी ६ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा छेद सुमारें २८ चौरस मिलिमीटर भरतो. तिच्यांतून १०० न्यूटन, म्हणजे सुमारें १० किलो वजनाइतका जोर हवा असेल, तर आंतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें ३५ पट लागतो. नायट्रोजन पेटत नाहीं हें खरें. परंतु असा दाब कोंडलेली नळी भोंक पाडल्यानें किंवा तापविल्यानें फुटली, तर तिचा तुकडा डोळा घेऊन जाईल. बहुतेक आधारांना पुन्हां वायु भरण्याची सोयच नसते. तेव्हां दुबळा आधार ‘दुरुस्त’ करण्याच्या भरीस पडूं नये. तो मोजून बदलावा. आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे.

आधार दुबळा होतो तो दोन कारणांनीं. दांडीभोंवतीं रबराची चकती वायु अडवून धरते. वर्षानुवर्षें तिच्यांतून वायु कणाकणानें निसटतो. दुसरें कारण धूळ. धुळीचा कण किंवा पकडीचा दांत दांडीवर ओरखडा पाडतो, आणि तो ओरखडा प्रत्येक खेपेस रबराला कापतो. म्हणून दांडी मऊ कोरड्या फडक्यानें पुसावी. तिला पकड, कानस किंवा पॉलिशकागद कधींहि लावूं नये.

हा दुबळेपणा प्रथम थंडींतच कां उघडकीस येतो, तेंहि सांगतों. कोंडलेल्या वायूचा दाब उष्णतामानाबरोबर कमीजास्त होतो. आमच्या खानदेशांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि पौषांतल्या पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो. या फरकानें दाब शेंकडा ११ नें घटतो. उन्हाळ्यांत जो आधार जेमतेम झाकण पेलीत होता, तो हिंवाळ्यांत हात टेकतो. आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें.

आतां मोजणी. प्रथम आधाराचे खिळे व बिजागऱ्या हलवून पाहाव्या. कित्येकदां आधार सशक्त असतो, पण पेटीच्या पत्र्यांतला खिळाच ढिला झालेला असतो. मग आधार काढून त्याची पूर्ण लांबी, दाबल्यावरची लांबी आणि टोंकांच्या वाट्यांचें माप घ्यावें. नळीवर जोराचा आंकडा छापलेला असतो; १०० च्या पुढें ‘एन’ हें अक्षर म्हणजे १०० न्यूटन. जोर तपासण्यास घरचा वजनकांटा पुरतो. कांट्यावर लांकडाचा ठोकळा ठेवावा, त्यावर दांडी खालीं करून आधार सरळ उभा धरावा आणि वरून सावकाश दाबावें. दांडी आंत जाऊं लागतांच कांटा किती दाखवितो तें पाहावें. आमच्या आधारांवर १०० लिहिलें होतें. जो मीं बिघडविला नव्हता, त्यानेंहि जेमतेम ४ किलो दाखविले!

नळीवरचा आंकडा पुसला असेल तर हिशेब करावा. दार बिजागरीपाशीं ढकलणें जड आणि कडेला ढकलणें सोपें, हा अनुभव सर्वांचा आहे. आधार बिजागरीच्या जवळ असतो, म्हणून त्याला झाकणाच्या वजनाहून पुष्कळ अधिक जोर लागतो. समजा, झाकण ४ किलोचें आहे आणि उघडें असतांना त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून आडव्या रेषेंत १६ सेंटिमीटरवर येतो. गुणाकार ६४. आधाराच्या रेषेचें बिजागरीपासून लंब अंतर ४ सेंटिमीटर असेल, तर ६४ भागिले ४, म्हणजे १६ किलो जोर हवा. आधार दोन, म्हणून प्रत्येकीं ८ किलो, अर्थात् सुमारें ८० न्यूटन. थंडीसाठीं व पुढील झिजेसाठीं चौथाई भर घातली म्हणजे १०० न्यूटन होतात.

‘मग २०० चाच कां घेऊं नये?’ असें पुतण्यानें विचारलें. फाजील जोरानें झाकण उसळून उघडतें, बिजागऱ्या वांकतात, खिळ्यांभोंवतीं प्लास्टिकला चिरा पडतात, आणि बंद झाकण कुलपाला सारखें रेटीत राहतें. हमरस्त्यावर कुलूप सुटलें तर वारा झाकण मागें फेंकून देईल. आधार हवा तेवढाच असावा.

बदलतांना पेटी रिकामी करावी आणि झाकण दुसऱ्या माणसाकडून धरवावें किंवा काठीनें पक्कें टेकवावें. वाटीवरची तारेची चिमटी लहान स्क्रूड्रायव्हरनें किंचित् उचलली कीं वाटी गोळीवरून सुटते. चिमटी पूर्ण उपसूं नये, ती उडून हरवते. एक आधार बसवून मगच दुसरा काढावा. एक जुना व एक नवा असें ठेवूं नये, त्यानें झाकण पिळवटतें. झाकण मिटलें असतां दांडीची बाजू खालीं राहील असें बसवावें, म्हणजे आंतलें तेल रबराशीं राहून तें ओलें ठेवतें. शेवटीं झाकण सावकाश मिटून कुलूप नीट बसतें कीं नाहीं तें पाहावें.

आम्हीं तसेंच केलें. पुतण्या दर्शन घेऊन परत गेला. नातीचीं नवीं नखें आतां पुरीं आलीं आहेत. परवां तो पुन्हां आला तेव्हां तिनें त्याच्या पेटींत एक वेळूची काठी ठेवून दिली, आणि त्यानेंहि ती मुकाट्यानें ठेवून घेतली.

श्रोतेहो, आपल्या गाडीच्या डिकीचें झाकण आज एकदां उघडून पाहा. पण त्याखालीं हात घालण्यापूर्वीं क्षणभर थांबा.