टाकीतला दगड : आधी परीक्षा, मग प्रवेश

सुट्टी संपवून परत येताना तुमच्यापैकी काहींच्या ट्रंकेत दगड असतात, हे मी दरवर्षी पाहतो. कुणी नदीतला गुळगुळीत गोटा आणतो, कुणी किल्ल्याच्या वाटेवरचा चमकणारा तुकडा. मग प्रश्न येतो, "सर, हा माशांच्या टाकीत ठेवू का?" यंदा तिघांनी विचारले, म्हणून उत्तर लेखातच देतो. आधी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हा धडा मी त्या चुकीतूनच शिकलो.

कुंभकोणमची गोष्ट

माझे मामा तमिळनाडूत कुंभकोणमला राहतात. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ते एक. त्यांच्या दिवाणखान्यात दोन फुटी काचेची टाकी आहे. मी सुट्टीत गेलो तेव्हा तिच्यात वाळू, हिरवी झाडे आणि निऑन टेट्रा नावाचे छोटे मासे होते, पण दगड एकही नव्हता.

याचे कारण त्या गावाच्या जमिनीत आहे. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसले आहे. सगळा त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या गाळाचा. दख्खनमध्ये जिकडे पाहावे तिकडे काळा पाषाण. तिथे मात्र शेतात ठेच लागायलाही दगड मिळत नाही. जवळच्या दारासुरममधले बाराव्या शतकातले ऐरावतेश्वर मंदिर दगडी आहे, पण त्याचा ग्रॅनाइट बाहेरून आणलेला.

मला ती टाकी ओकीबोकी वाटली. एक दिवस आम्ही कोल्लिडम नदी ओलांडून अरियलूरच्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात मला मलईच्या रंगाचा, शिंपल्याचे ठसे असलेला सुंदर दगड मिळाला. घरी येऊन तो नळाखाली धुतला आणि मामांना न विचारता टाकीत ठेवला. आठव्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार मासे मेलेले होते.

मामांनी तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या आसपास असायचा, तो आठवर गेला होता. मग त्यांनी दगड बाहेर काढून पुसला आणि त्यावर लिंबू पिळले. बारीक बुडबुडे फसफसून वर आले. मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू कुठून आणलास, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

दगड मारतो कसा?

अरियलूरचा परिसर क्रिटेशियस काळात समुद्राखाली होता. त्या समुद्रातल्या जीवांची कवचे तळाशी साचून तिथे चुनखडीचे थर तयार झाले. आज त्याच चुनखडीवर तिथले सिमेंटचे कारखाने चालतात. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवते. मामा टाकीसाठी आर.ओ.चे पाणी वापरत. अशा मृदू, किंचित आम्ल पाण्यात हा बदल अधिक होतो. बोअरच्या मुळातच कठीण असलेल्या पाण्यात तो तितका जाणवत नाही.

पण खरा घाव अमोनियाचा असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतोच. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल, तर त्यातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला, की तोच भाग सुमारे पाच टक्के होतो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष जवळजवळ दसपट. त्याने कल्ल्यांना इजा होते. दगडाने विष सोडले नव्हते. टाकीत होते त्याचेच त्याने विष करून ठेवले.

चुनखडी प्रत्येक माशाला वाईट असते असे नाही. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांतले सिक्लिड मासे कठीण पाण्यातच वाढतात. गप्पी आणि मोली यांनाही असे पाणी मानवते. म्हणून प्रश्न नुसत्या दगडाचा नसतो. कोणता दगड, कोणते पाणी आणि कोणता मासा, या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

दिसण्यावर जाऊ नका

ग्रॅनाइट आणि गारगोटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या दगडी भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो, यावरून ग्रॅनाइटचा टिकाऊपणा समजेल.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हाही चांगला. मात्र सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यांतले काही कॅल्साइटचे निघतात, आणि कॅल्साइट म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. कोकणातला जांभा भुसभुशीत असतो; तो झिजून पाणी लाल करू शकतो.

सर्वांत जास्त फसवते ती आपल्या ओट्याखालची काळी कडप्पा. ती पाटीच्या दगडासारखी दिसते, पण असते चुनखडी. शहाबादी फरशीही तशीच. संगमरवर, प्रवाळ, शिंपले आणि सिमेंटचे तुकडेही मृदू पाण्याच्या टाकीत नकोत. ज्यावर गंजाचे डाग, पिवळी धातूसारखी चमक किंवा निळा-हिरवा थर आहे, असा दगड सरळ बाद करा. त्यात लोह, तांबे यांसारख्या धातूंची खनिजे असू शकतात.

दगड कुठून घ्यावा, यालाही शिस्त आहे. किल्ला, मंदिर, संरक्षित वन येथून काहीही उचलायचे नाही. कारखान्याच्या सांडपाण्याजवळचा किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा दगडही नको. शिंपल्याचे ठसे असलेला दगड दिसला, तर आता मी त्याचा फोटो काढतो आणि तो तिथेच राहू देतो.

तीन परीक्षा

पहिली, थेंबाची. दगड ब्रशने घासून पूर्ण वाळवा. खिळ्याने एका जागी खरवडून थोडी भुकटी करा आणि त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. बुडबुडे आले तर दगड नापास. पांढरी शीर किंवा स्फटिक असेल, तर तिथेही थेंब टाका. भुकटी यासाठी, की डोलोमाइटसारखा दगड अखंड असताना व्हिनेगरला सहसा दाद देत नाही. प्रयोगशाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने निकाल अधिक स्पष्ट मिळतो, पण ती परीक्षा फक्त शिक्षकांसमोर, चष्मा आणि हातमोजे घालून करायची. परीक्षेनंतर दगड भरपूर पाण्याने धुवा.

दुसरी, बादलीची. थेंबाच्या परीक्षेत पास झालेला दगडही लगेच आत घेऊ नका. दोन स्वच्छ बादल्यांत टाकीत वापरता तेच पाणी समान भरा. एकीत दगड ठेवा, दुसरी नुसती ठेवा. दोन्हींचा सामू आणि कठीणपणा पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी मोजून वहीत लिहा. दुसरी बादली कशाला, असे विचाराल. पाणी नुसते उघडे राहिले तरी त्याचा सामू थोडा बदलतो. तो बदल दगडाच्या माथी मारला जाऊ नये, म्हणून.

तिसरी, बोटांची. दगडावरून सगळीकडे बोट फिरवा. जिथे बोटाला टोचते, तिथे माशाचे खवले आणि डोळेही सोलवटतील. अरुंद भोकेही पाहा. त्यांत मासा अडकू शकतो.

हे कधीही करू नका

दगड निर्जंतुक करण्यासाठी तो विस्तवावर, ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. दगडाच्या फटींत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून तुकडे उडतात. डोळा जाऊ शकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यातही तो घालू नका. ताठ ब्रशने घासणे, गरम पाणी ओतणे आणि नंतर काही दिवस उन्हात वाळवणे एवढे पुरते. साबण अजिबात नको. त्याचा अंश दगडाच्या छिद्रांत राहतो.

टाकीत मांडताना

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात ५४ लिटर, म्हणजे सुमारे ५४ किलो पाणी मावते. दगड आणि वाळूचे वजन वेगळे. त्यामुळे टेबल मजबूत आणि सपाट हवे. पाण्यात दगड हलका वाटतो, पण हातातून सुटला तर काच तडकवायला पुरतो.

दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी तळाला प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर दगड आणि शेवटी त्यांच्याभोवती वाळू. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू मासे उकरतात आणि दगड कलंडतो. मोठा दगड खाली, रुंद बाजू तळाला. एकावर एक रचायचे असतील, तर मत्स्यालयासाठीच्या सिलिकॉनने चिकटवा आणि ते पूर्ण सुकल्यावरच पाणी भरा. काच आणि दगड यांत बोटभर अंतर ठेवा.

चूक झालीच तर

दगड काढून टाका, खाद्य कमी करा आणि रोज साधारण पाचवा हिस्सा पाणी बदला. घाईने सगळे पाणी एकदम बदलू नका. माशांना तो दुसरा धक्का ठरतो. मामांनी असेच केले आणि उरलेले मासे वाचले.

पुढच्या वर्षी मी त्यांच्यासाठी आमच्या अंगणातले तीन काळे पाषाण नेले. बरोबर चौदा दिवसांच्या नोंदींची वही होती. मामांनी आधी वही वाचली, मग दगड हातात घेतले आणि तरीही स्वयंपाकघरातून लिंबू मागवले. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा कुठे त्यांनी टाकीचे झाकण उघडले.

ज्या तिघांनी यंदा विचारले, त्यांनी आपापले दगड आणि दोन-दोन बादल्या घेऊन रविवारी प्रयोगशाळेत यावे. वही विसरू नये.