मतांचे प्रमाण आणि जागांचे अनुमान

निवडणुकीत एखाद्या पक्षास किती जागा मिळतील, या प्रश्नाचे उत्तर त्यास किती मते मिळतील या प्रश्नाच्या उत्तरात पूर्णपणे सामावलेले नसते. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा नागरी पट्टा वस्तीच्या दृष्टीने जवळजवळ सलग आहे. परंतु लोकसभेसाठी उल्हासनगर व अंबरनाथ हे विधानसभा मतदारसंघ कल्याणमध्ये मोडतात, तर बदलापूर हे मुरबाड विधानसभा मतदारसंघामार्फत भिवंडीत येते. २० मे २०२४ रोजी कल्याणने महायुतीचा व शेजारच्या भिवंडीने महाविकास आघाडीचा उमेदवार निवडून दिला. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानात मात्र उल्हासनगर, अंबरनाथ व मुरबाड हे तिन्ही मतदारसंघ महायुतीकडे गेले.

राज्याचे आकडे अधिक बोलके आहेत. लोकसभेच्या वेळी दोन्ही आघाड्यांस प्रत्येकी सुमारे ४४ टक्के मते मिळाली. जागा मात्र ४८ पैकी ३० व १७ अशा विभागल्या गेल्या. विधानसभेत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते व २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधी तीन प्रमुख पक्षांना सुमारे ३४ टक्के मते व अवघ्या ४६ जागा मिळाल्या.

केंडॉल व स्टुअर्ट यांनी १९५० साली विवेचिलेल्या घननियमानुसार जागांचे गुणोत्तर मतांच्या गुणोत्तराच्या घनाइतके असते. विधानसभेच्या या आकड्यांत मतांचे गुणोत्तर सुमारे १.४, म्हणजे त्याचा घन ३ च्या आत येतो. प्रत्यक्षात जागांचे गुणोत्तर ५ होते. हा नियम दुरंगी लढत गृहीत धरतो. विरोधी मतांची फाटाफूट त्यात येत नाही. म्हणूनच भारतातील अभ्यासात प्रणय रॉय व अशोक लाहिरी यांनी विरोधी ऐक्याच्या निर्देशांकास महत्त्व दिले. तसेच मते कोठे एकवटली आणि कोठे विखुरली, हेही राज्याच्या सरासरीवरून कळत नाही.

यावरून अनुमानाची रीत ठरते. प्रत्येक मतदारसंघातील मागील निकालावर मतांचा अपेक्षित झोका लागू करावा. मात्र जेथे पक्ष पुढे दिसतो ती प्रत्येक जागा पूर्ण मोजू नये. शंभर मतदारसंघांत विजयाची संभाव्यता प्रत्येकी ५५ टक्के असेल, तर अपेक्षित जागा १०० नव्हे, ५५ होत. यापुढील अडचण अशी की, या चुका परस्परांपासून स्वतंत्र नसतात. राज्यव्यापी झोक्याचा अंदाज दोन टक्क्यांनी चुकला, तर अटीतटीच्या बहुतेक जागा एकाच दिशेस सरकतात. स्वतंत्र चुका बेरजेत परस्परांस बव्हंशी छेदतात. सामाईक चूक मात्र प्रत्येक जागेबरोबर वाढत जाते.

म्हणून जागांचा अंदाज एका आकड्यात सांगणे म्हणजे नसलेल्या निश्चितीचा दावा करणे होय. त्याची मर्यादा, म्हणजेच किमान व कमाल जागा, त्याच्यासोबत सांगितली गेली तरच तो अभ्यासकाच्या उपयोगी पडतो.