ॲल्युमिनियमच्या संघनक-वेटोळ्यांची गळती व तिची दुरुस्ती

यवतमाळ जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरात जातो. अशा वेळी वातानुकूलन यंत्राच्या संघनकातील दाब वाढतो व नळीच्या सूक्ष्म छिद्रातील गळती बळावते. तांब्याची नळी झाळणे त्या मानाने सोपे. ॲल्युमिनियमची तशी नाही.

ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते, तर त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढे. अर्थात, केवळ उष्णता वाढविल्यास पापुद्र्याआधी नळीच ढासळते. शिवाय ही धातू वितळण्यापूर्वी लालबुंद होत नसल्याने कारागिरास रंगाची सूचना मिळत नाही. यास्तव पापुद्रा फ्लक्सने दूर करून, ५७७ अंशांच्या सुमारास वितळू लागणारे ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रण अथवा त्याहून लवकर वितळणारे जस्त-ॲल्युमिनियम मिश्रण योजतात. क्षरणकारक फ्लक्सचा अवशेष मात्र धुऊन काढलाच पाहिजे.

आर-३२ सारखा शीतक वायू ज्वालाग्राही असल्याने ज्योत लावण्यापूर्वी तो सिलिंडरमध्ये काढून घेणे अनिवार्य होय. नंतर नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या फेसाने सांधा पारखावा व निर्वात करूनच वायू भरावा.

तथापि, तांबे व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात ओलावा शिरून क्षरण होत असेल, तर तो ओलावा रोखल्याविना केलेली दुरुस्ती अल्पजीवीच ठरेल.