वेग आणि त्याचा आवर

१० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळूरुच्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावरून बेळगावकडे जाणारी ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. या दोन शहरांमधील अंतर सुमारे ६११ किलोमीटर असून ते कापण्यास या गाडीला साधारणपणे साडेआठ तास लागतात. म्हणजेच तिचा सरासरी वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास येतो. याच जातीच्या पहिल्या गाडीने २०१८ सालच्या चाचणीत ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला होता. जी गाडी १८० किलोमीटर वेगाने धावू शकते तिला ७२ वर समाधान का मानावे लागते, असा प्रश्न बेळगावच्या प्रवाशाला पडला तर त्यात नवल नाही.

या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या यंत्रात शोधून सापडणार नाही. पुरेशी शक्ती असलेले यंत्र बनविणे हा अतिवेगवान रेल्वेच्या विद्येचा केवळ आरंभ होय. तो वेग रुळांवर टिकवून धरणे, वळणावर सांभाळणे आणि योग्य वेळी पूर्णपणे आवरणे हा तिचा खरा गाभा आहे. म्हणून अशा गाडीची ओळख तिच्या चाकापासून करून घेणे सोयीचे ठरते.

चाक आणि रूळ

बेंगळूरुच्या उत्तरेस येलहंका येथे रेल्वेची चाके व आस बनविणारा कारखाना १९८४ साली सुरू झाला. तेथे जुनी चाके, जुने आस आणि रेल्वेचे इतर भंगार विजेच्या भट्टीत वितळविले जाते. हा पोलादाचा रस हवेच्या दाबाने नळीतून वर चढवून ग्रॅफाइटच्या साच्यात भरतात. थंड झालेल्या चाकावर उष्णतेचे संस्कार करतात. डोळ्यांना न दिसणारी भेग आत राहिली असल्यास ती श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने शोधून काढतात. या कारखान्यातील ओतीव चाके मालगाड्यांना आणि नेहमीच्या प्रवासी गाड्यांना उपयोगी पडतात. अतिवेगवान गाड्यांसाठी सामान्यतः घडीव पोलादाची चाके वापरली जातात. चाकाचे मूळ तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

रेल्वेचे चाक गाडीवरून पाहणाऱ्याला सपाट कडेचे वाटते, परंतु ते तसे नसते. त्याचा घेर आतल्या बाजूस किंचित अधिक आणि बाहेरच्या बाजूस किंचित कमी असतो. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली असल्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. गाडी वळणावर आली की चाकांची जोडी बाहेरच्या रुळाकडे थोडी सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले चाक आपल्या लहान घेरावर चालू लागते. बाहेरच्या रुळाचे अंतर अधिक असते, ते अशा रीतीने आपोआप भरून निघते. चाकाची बाहेर आलेली कड गाडीला रुळांवर ठेवते अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ती कड हा अखेरचा आधार असतो. एरवी चाकाचा हा उतारच गाडीला मार्गावर ठेवतो.

हाच उतार मोठ्या वेगात अडचण निर्माण करतो. एका बाजूस सरकलेली जोडी मध्यावर परत येते, पण मध्यावर न थांबता दुसऱ्या बाजूस जाते. गाडी सावकाश चालत असेल तर हे डोलणे लवकर शमते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ते शमण्याऐवजी वाढत जाते. चाके रुळांवर नागमोडी धडका देऊ लागतात आणि अखेरीस गाडी घसरण्याचा धोका उत्पन्न होतो. यावर उपाय म्हणून चाकांचा उतार कमी ठेवतात, चाकांच्या दोन जोड्या धरून ठेवणारी चौकट अधिक लांब करतात आणि ही चौकट व डबा यांच्यामध्ये डोलणे शोषून घेणारे तेलाचे दट्टे बसवितात. रूळही एकमेकांना जोडून अखंड केलेले असतात. जुन्या मार्गावरील सांध्यांचा परिचित खडखडाट अशा गाडीत ऐकू येत नाही, याचे कारण हेच.

शक्तीचा हिशेब

चाक आणि रूळ यांचा एकमेकांस होणारा स्पर्श अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेत होतो. पोलादावर पोलाद सहज घरंगळते म्हणून रेल्वेला ओढण्यास शक्ती कमी लागते, आणि त्याच कारणाने तिची पकडही कमी असते. एकाच इंजिनाने सर्व जोर लावला तर त्याची चाके जागच्या जागी फिरण्याचा संभव असतो. जपानी अभियंत्यांनी यावर मोटारींची वाटणी करण्याचा मार्ग स्वीकारला. इंजिन वेगळे न ठेवता विजेच्या मोटारी अनेक डब्यांखाली बसविल्या, म्हणजे प्रत्येक चाकाने थोडाच भार उचलायचा. वंदे भारत गाडीतही निम्मे आस मोटारींनी फिरविले जातात.

वेग वाढू लागला की हवा हा मुख्य विरोधक होतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. लांब निमुळते नाक, गुळगुळीत पृष्ठभाग, झाकलेले तळ ही या गाड्यांची वैशिष्ट्ये शोभेसाठी नसतात. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्समध्ये एका खास सज्ज केलेल्या गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा वेग गाठला. त्यावरून चाक आणि रूळ यांची मर्यादा किती दूर आहे हे सिद्ध झाले. तरीही प्रवाशांना घेऊन धावणाऱ्या गाड्या ताशी ३०० ते ३५० किलोमीटरच्या आसपासच ठेवल्या जातात, कारण त्यापुढे विजेचा खर्च, झीज आणि आवाज ही तिन्ही फार वेगाने वाढतात.

वळण

धावत्या गाडीला वळणावर बाहेर फेकू पाहणारे बलही वेगाच्या वर्गानुसार वाढते. वेग दुप्पट करून प्रवाशाला तितकाच धक्का बसू द्यायचा असेल, तर वळणाची त्रिज्या चौपट करावी लागते. बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवून काही प्रमाणात तोल साधता येतो, पण या उंचीला मर्यादा आहे. म्हणूनच १९८१ साली पॅरिस व लियाँ यांच्या दरम्यान बांधलेल्या नव्या मार्गावर वळणाची त्रिज्या सामान्यतः चार किलोमीटरपेक्षा कमी ठेवली गेली नाही.

आता बेळगावच्या गाडीच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. आपले बहुतेक मार्ग डोंगर, नदी आणि गाव यांना वळसे घेत पूर्वीच्या काळात आखले गेले. त्यांवर वळणे आहेत, स्थानके आहेत, फाटके आहेत आणि मालगाड्याही आहेत. अशा मार्गावर वेगवान गाडीला स्वतःची नव्हे, तर मार्गाची मर्यादा पाळावी लागते.

थांबण्याची विद्या

गतिमान वस्तूमधील ऊर्जादेखील वेगाच्या वर्गानुसार वाढते. समजा, एका गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदास एक मीटर इतका कमी होतो. ताशी १३० किलोमीटरवरून थांबण्यास तिला सुमारे ६५० मीटर लागतील. २५० किलोमीटरवरून सुमारे २,४०० मीटर, तर ३२० किलोमीटरवरून जवळजवळ चार किलोमीटर लागतील. ओल्या रुळांवर हे अंतर आणखी वाढते. समोर अडथळा दिसला आणि चालकाने गाडी थांबविली, ही कल्पना या वेगाला मुळीच लागू पडत नाही. अडथळा दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

गाडी थांबविताना मोटारींनाच विद्युतजनित्र बनवून गतीची वीज केली जाते आणि ती तारेत परत पाठविली जाते. त्याच्या जोडीला चाकांच्या चकत्यांवर दाब देणारे नेहमीचे ब्रेक असतातच. परंतु ब्रेक कधी लावायचा हे ठरविणे हा त्याहून महत्त्वाचा भाग होय. या वेगात मार्गालगतचे सिग्नल भरवशाने वाचता येत नाहीत. म्हणून पुढे किती मार्ग मोकळा आहे आणि किती वेग चालेल, ही माहिती रुळांतून अथवा रेडिओद्वारे थेट चालकासमोर दिली जाते. चालकाने ती मर्यादा ओलांडली तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. भारतात याच तत्त्वावर ‘कवच’ ही यंत्रणा विकसित झाली आहे.

अपघातांचे धडे

या शास्त्राने आपले काही महत्त्वाचे धडे अपघातांतून घेतले आहेत. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे या गावाजवळ ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचे एक चाक निकामी झाले. प्रवास सुखकर व्हावा म्हणून त्या चाकात रबराचा थर घालून त्यावर पोलादी कडे बसविलेले होते. वारंवार ताण पडून ते कडे तुटले, गाडी घसरून पुलाच्या खांबावर आदळली आणि १०१ माणसे मृत्युमुखी पडली. येलहंका येथील कारखान्यात चाकाच्या अंतर्भागाची ध्वनिलहरींनी तपासणी का केली जाते, याचे उत्तर या घटनेत मिळते.

२४ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेला शहरालगत ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर एक गाडी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने शिरली. त्या ठिकाणी वेग आपोआप आवरणारी यंत्रणा नव्हती.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात घडलेल्या दुर्घटनेशी बेंगळूरुचाही संबंध होता. सिग्नल यंत्रणेतील तारांच्या चुकीच्या जोडणीमुळे कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा सिग्नल मिळाला, परंतु सांधे मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेले होते. ती तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे बेंगळूरुहून हावड्याकडे निघालेल्या गाडीच्या मागील डब्यांना लागले. या अपघातात २९० हून अधिक माणसे दगावली. कोरोमंडल एक्सप्रेसचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आतच होता. ती अतिवेगवान गाडी नव्हती. यावरून असे दिसून येते की, प्रवाशाचे प्राण केवळ वेगामुळे धोक्यात येत नाहीत. वेग आणि त्यावर देखरेख ठेवणारी व्यवस्था यांच्यात अंतर पडले की ते धोक्यात येतात.

याच्या उलट उदाहरण जपानचे आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो व ओसाका यांच्या दरम्यान शिंकान्सेन गाडी ताशी २१० किलोमीटर वेगाने धावू लागली. तेव्हापासून या मार्गांवर गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. तेथे अतिवेगवान गाड्यांसाठी मार्ग वेगळा असतो आणि त्यावर रस्त्याचे फाटक नसते. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गाड्या बंद ठेवून मार्गाची निगा राखली जाते. भूकंपाच्या पहिल्या सौम्य लहरी नोंदल्या जाताच विजेचा पुरवठा तोडला जातो, आणि विनाशक लहरी येऊन पोहोचण्यापूर्वी गाड्यांचा वेग कमी होऊ लागतो. ११ मार्च २०११ च्या प्रचंड भूकंपात शिंकान्सेन गाड्यांतील एकाही प्रवाशाचा मृत्यू झाला नाही.

बेंगळूरुची गाडी

बेंगळूरुमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या ‘भारत अर्थ मूव्हर्स’ या सार्वजनिक उद्योगाला रेल्वेचे डबे बनविण्याचा दीर्घ अनुभव आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने प्रत्येकी आठ डब्यांच्या दोन अतिवेगवान गाड्यांचे काम या उद्योगाकडे सोपविले. त्यांचा खर्च सुमारे ८६७ कोटी रुपये ठरला. गाड्यांचा आराखडा ताशी २८० किलोमीटर वेगासाठी आहे. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग मात्र ताशी ३२० किलोमीटर वेगाने गाड्या धावाव्यात अशा रीतीने आखला गेला आहे. त्याचे रूळ आपल्या नेहमीच्या १,६७६ मिलिमीटरऐवजी १,४३५ मिलिमीटर अंतरावर असून बहुतेक मार्ग खांबांवरील पुलांवरून जातो. म्हणून त्यावर फाटक येत नाही, की गुरेढोरे येत नाहीत.

अशा गाड्या देशात तयार होणे ही अभिमानाची बाब आहे यात शंका नाही. परंतु कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी हा एका मोठ्या व्यवस्थेचा केवळ दृश्य भाग असतो. त्या व्यवस्थेत येलहंका येथे चाकाची परीक्षा करणारा कामगार येतो, रात्री रुळांची पाहणी करणारा गँगमन येतो आणि सिग्नलची तार जोडून ती पुन्हा तपासणारा तंत्रज्ञही येतो. बेळगावच्या प्रवाशाला साडेआठ तासांऐवजी तीन तासांत पोहोचविणे यंत्रविद्येला अशक्य नाही. मात्र त्यासाठी सरळ मार्ग, अखंड देखरेख आणि चुकीला वाव न देणारी शिस्त ही किंमत आधी चुकती करावी लागेल.